स्मार्टफोन: सोयीपासून अनिवार्यतेपर्यंत

अक्षरांचे गाव

तमिळनाडू राज्यातील तंजावूर जिल्ह्यात, कुंभकोणम शहराच्या वायव्येस काही किलोमीटरांवर, इन्नंबूर नावाचे खेडे आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील इतर खेड्यांप्रमाणे भातशेती हाच या परिसराचा मुख्य आधार होय. गावाची ख्याती मात्र तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे आहे. संबंदर आणि अप्पर या शैव संतकवींनी इन्नंबूरच्या शिवाची स्तोत्रे रचली. या देवाचे तमिळ नाव ‘एळुत्तरिनादर’, म्हणजे अक्षरे जाणणारा स्वामी. संस्कृतात त्यालाच अक्षरपुरीश्वर म्हणतात. अगस्त्य मुनींना व्याकरण येथेच शिकविले गेले, अशी स्थलपुराणाची श्रद्धा आहे. मुलाला शाळेत घालण्यापूर्वी त्याला या देवापुढे आणून अक्षरारंभ करविण्याची प्रथा आजही चालू आहे.

या मंदिराची आणखी एक कथा आहे. चोळ राजाच्या पदरी असलेल्या एका हिशेबनिसावर राजाचा संशय गेला. हिशेब दाखविण्याची आज्ञा झाली. तो प्रामाणिक असूनही घाबरला आणि त्याने शिवाचा धावा केला. तेव्हा देवाने त्या हिशेबनिसाचेच रूप घेतले, दरबारात जाऊन चोख हिशेब सादर केला आणि राजाचा संशय फिटला. खरा हिशेबनीस दरबारात पोहोचला तेव्हा हिशेब आधीच मान्य झाला होता.

कथा भाविकांची आहे. परंतु तिच्यातील प्रश्न राज्यकारभाराइतकाच जुना आहे. राजापुढे उभा असलेला माणूस कोण आहे आणि त्याचे म्हणणे खरे आहे की नाही, हे कशावरून ठरवावयाचे? कधी साक्षीदारांवरून, कधी मोहरेवरून, कधी सहीवरून ते ठरत आले. आपल्या काळात हे काम उत्तरोत्तर एका छोट्या यंत्राकडे गेले आहे. ज्याच्या हाती ते यंत्र आहे त्याची ओळख पटते. ज्याच्या हाती नाही त्याला ती पटवून देण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागते. स्मार्टफोन बाळगणे ही सोय न राहता गरज कशी बनली आणि या गरजेचा भार कोणावर पडतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

साधन अनिवार्य केव्हा होते

एखादी वस्तू फार उपयुक्त असली म्हणून ती अनिवार्य ठरत नाही. ती नसताना पूर्वी जी कामे होत असत ती होईनाशी झाली, म्हणजे ती अनिवार्य झाली असे म्हणावे. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टूल्स फॉर कन्व्हिव्हियालिटी’ या ग्रंथात या अवस्थेला मूलगामी मक्तेदारी अशा अर्थाचे नाव दिले. एका कंपनीने बाजारपेठ काबीज करणे ही साधी मक्तेदारी होय. परंतु एका प्रकारची वस्तू समाजाच्या रचनेतच अशी मुरते की, तिच्यावाचून जगण्याचे जुने मार्ग बुजून जातात, तेव्हा ती मूलगामी मक्तेदारी ठरते. इलिच यांचे आवडते उदाहरण मोटारीचे होते. शहराचे रस्ते, अंतरे आणि वस्त्या मोटारीच्या मापाने आखल्या की पायी चालणारा माणूस आपोआप अडाणी आणि गैरसोयीचा ठरतो. मोटार कोणत्या कंपनीची, हा प्रश्न मग गौण असतो.

भारतातील मोबाइल फोनचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून (त्या वेळच्या कलकत्त्याहून) दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले, तेथून हा इतिहास सुरू होतो. त्या काळी आलेला फोन घेण्यासही पैसे पडत. २००३ सालापासून येणारे फोन निःशुल्क झाले आणि रिक्षाचालक, सुतार, भाजीविक्रेते यांच्या हाती फोन आला. तोवर गल्लोगल्ली असलेले पिवळ्या फलकांचे सार्वजनिक दूरध्वनी हळूहळू ओस पडले. २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन जगाच्या बाजारात आला. भारतात मात्र खरे वळण २०१६ साली मिळाले. एप्रिलमध्ये यूपीआय ही पैसे पाठविण्याची पद्धती सुरू झाली, सप्टेंबरमध्ये जिओ कंपनीच्या आगमनाने इंटरनेट स्वस्त झाले आणि नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी आली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयद्वारे झालेल्या व्यवहारांची संख्या २,००० कोटींवर गेली.

या काळात मागे पडलेल्या गोष्टींचीही नोंद घ्यावयास हवी. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. १ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणीकृत टपालाची वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. नवे साधन प्रथम जुन्याच्या शेजारी येऊन बसते, मग जुन्याचे ग्राहक कमी होतात, ग्राहक कमी झाले म्हणून त्याच्यावरील खर्च परवडेनासा होतो आणि शेवटी ते बंद होते. यात कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही. प्रत्येक पाऊल हिशेबाला धरूनच असते. केवळ जो नव्या साधनापर्यंत पोहोचला नाही, त्याचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो.

क्रमांक, फोन आणि स्मार्टफोन

‘फोन पाहिजे’ असे आपण मोघमपणे म्हणतो. वस्तुतः ही गरज तीन पायऱ्यांची आहे, आणि तिन्ही वेगळ्या ओळखल्याशिवाय प्रश्न नीट समजत नाही.

पहिली पायरी क्रमांकाची. बँकेचे खाते, आधार, शिधापत्रिका, गॅसची जोडणी या सर्वांशी एक मोबाइल क्रमांक जोडलेला असतो. त्या क्रमांकावर काही अंकांचा संदेश येतो. तो एकदाच आणि काही मिनिटेच चालतो. त्याला आपण ओटीपी म्हणतो. यामागील तत्त्व सोपे आहे. संकेतशब्द ही माणसाला ठाऊक असलेली गोष्ट, तर फोन ही त्याच्याजवळ असलेली वस्तू. चोराला यांपैकी एक मिळेल, दोन्ही एकदम मिळणे अवघड. म्हणून दोन्ही मागितल्या की व्यवहार अधिक सुरक्षित होतो. रिझर्व्ह बँकेने २००९ सालापासून इंटरनेटवरील कार्डव्यवहारांना असा जादा पडताळा आवश्यक केला, त्यामागे हाच विचार होता. या पायरीला साधा, कळीचा फोनही पुरतो. अट एवढीच की क्रमांक स्वतःचा असावा आणि तो चालू असावा.

दुसरी पायरी साध्या फोनवरून करावयाच्या कामांची. *९९# हा क्रमांक फिरवून बँकेचे व्यवहार करण्याची सोय आहे. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनधारकांसाठी ‘यूपीआय १२३ पे’ ही योजनाही सुरू केली. सोय आहे, परंतु बाजारात दुकानदाराने पुढे केलेली चौकोनी ठिपक्यांची खूण वाचावयास कॅमेरा लागतो, आणि साध्या फोनचा ग्राहक तेथेच अडखळतो.

तिसरी पायरी स्मार्टफोनची. येथे फोन हे केवळ संदेश घेणारे यंत्र राहत नाही. तो साक्षीदार होतो. पैसे पाठविणारे अॅप प्रथम त्या फोनमधूनच एक संदेश पाठवून नोंदविलेले सिमकार्ड याच फोनमध्ये आहे याची खात्री करून घेते, आणि मग तो फोन, तो क्रमांक आणि ते खाते यांची गाठ बांधते. कॅमेरा चेहरा टिपतो, उपग्रहांच्या संकेतांवरून स्थान कळते, घड्याळ वेळ नोंदविते. ‘हा माणूस, या ठिकाणी, या वेळी हजर होता’ एवढे विधान पूर्वी पंच, तलाठी किंवा मुकादम करीत असे. आता ते फोन करतो. सरकारी कामांत स्मार्टफोनचा शिरकाव मुख्यतः या तिसऱ्या पायरीवरून झाला आहे.

शेत, मजुरी आणि लस

महाराष्ट्रातील वाचकांना याचे सर्वांत परिचित उदाहरण ई-पीक पाहणीचे. सातबारा उताऱ्यातील गाव नमुना बारा हा पिकांच्या नोंदीचा. शेतात काय पेरले आहे हे पाहून तलाठ्याने ते लिहावयाचे, अशी पूर्वापार पद्धत होती. तलाठ्याकडे गावे अनेक. त्यामुळे नोंदी कचेरीत बसून होतात, अशी तक्रारही तितकीच जुनी होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच अॅपच्या साहाय्याने शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे आणि नोंद करावी, अशी योजना राज्यभर सुरू झाली. कल्पना लोकशाहीला साजेशी आहे: माझ्या शेतातील पीक मी नोंदविणार. परंतु ज्याच्याजवळ तसा फोन नाही, किंवा ज्याचे शेत डोंगरकपारीत असून तेथे जाळे पोहोचत नाही, त्याची नोंद लांबते. नोंद नसेल तर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाची खरेदी या चारही ठिकाणी त्याला उत्तर द्यावे लागते. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, ही तरतूद म्हणूनच मोलाची आहे.

कावेरीच्या खोऱ्यातही असेच वारे वाहत आहे. तमिळनाडू सरकारने २०१७ सालापासून जुन्या शिधापत्रिकांच्या जागी स्मार्ट कार्डे दिली आणि एप्रिल २०१८ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘उळवन’ हे अॅप काढले. इन्नंबूरच्या परिसरातील शेतकऱ्याने सरकारी खरेदी केंद्रावर भात घातले की पैसे बँकेच्या खात्यात जमा होतात. ज्या कुंभकोणममध्ये १९०४ साली कुंभकोणम बँक स्थापन झाली, आणि जी आज सिटी युनियन बँक या नावाने ओळखली जाते, तेथील जुन्या पिढीला पासबुकावर शिक्का पडला म्हणजे पैसे आले, एवढे पुरत असे. आता पैसे आल्याची वार्ता फोनवर येते आणि ती वाचता आली नाही तर खात्याचा धनी स्वतःच्या पैशाविषयी अंधारात राहतो.

मजुरीचे उदाहरण अधिक बोलके आहे. ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवरील हजेरीसाठी केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये एक अॅप आणले आणि १ जानेवारी २०२३ पासून ते जवळजवळ सर्व कामांवर बंधनकारक केले. दिवसातून दोनदा मजुरांची छायाचित्रे, स्थळ व वेळेसह, चढवावयाची असत. हजेरीपटातील खोटी नावे रोखावीत, हा हेतू. परंतु फोन हवा तो कामावरील मेटजवळ. तो बिघडला, चार्ज उतरला किंवा जाळे गेले, तर खड्डा खणूनही मजुराची हजेरी लागत नसे. आणि लबाडी तरी थांबली काय? जुलै २०२५ मध्ये खुद्द ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून सांगितले की, कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे आणि छायाचित्रांची पुन्हा काढलेली छायाचित्रे चढविली जात आहेत. यंत्राला फसविणे लबाडाला जमले. यंत्र अडले तेव्हा नुकसान मात्र प्रामाणिक मजुराचे झाले.

तिसरे उदाहरण लसीकरणाचे. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वर्षे वयाच्या नागरिकांना करोनाची लस खुली झाली. पण त्यासाठी प्रथम कोविन या व्यवस्थेवर आगाऊ नोंदणी आवश्यक होती. जागा खुल्या होताच काही क्षणांत संपत. जलद फोन आणि सराईत बोटे यांना लस मिळे. खेड्यातील मजुराला मिळत नसे. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या विषमतेवर सरकारला प्रश्न विचारले, आणि २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष येऊन नोंदणी करण्याची मुभा जाहीर झाली. रोगाचा संसर्ग फोन पाहून होत नव्हता. त्याच्यावरील उपाय मात्र काही आठवडे फोन पाहून दिला गेला.

मध्यस्थ जातो आणि परत येतो

स्मार्टफोनच्या बाजूने केला जाणारा मोठा युक्तिवाद असा की, तो मध्यस्थाला हटवितो. या युक्तिवादात तथ्य आहे, आणि मराठी माणसाला त्याचे महत्त्व सांगावयास नको. गावचा हिशेब पिढ्यान् पिढ्या कुलकर्ण्याच्या हाती होता. तो मोडी लिपीत लिही आणि कुणब्याला ते वाचता येत नसे. महाराष्ट्रात ही वतने १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली. तमिळनाडूतील गावकामगार कर्णम याचेही तसेच. तेथील अर्धवेळ ग्रामाधिकाऱ्यांची पदे नोव्हेंबर १९८० मध्ये रद्द झाली आणि त्यांच्या जागी पगारी अधिकारी आले.

तंजावूरच्या मातीत तर मराठी आणि तमिळ लेखनाचा दीर्घ सहवास आहे. १८५५ पर्यंत तेथे भोसले घराणे होते आणि त्या राज्याची मोडी कागदपत्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली आपल्या वंशाचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. तो वाचावयास अक्षरज्ञान लागते, हे खरे. परंतु दगडावरील मजकूर सर्वांसाठी एकच असतो. ज्याला वाचता येत नाही तो दहाजणांकडून वाचवून घेऊ शकतो आणि खोटे सांगणारा उघडा पडतो.

फोनवरील मजकुराचे तसे नाही. तो एकेकट्याचा असतो. म्हणून ज्याला तो हाताळता येत नाही त्याला नवा मध्यस्थ शोधावा लागतो. तमिळनाडूतील ई-सेवै केंद्र, महाराष्ट्रातील आपले सरकार सेवा केंद्र किंवा महा-ई-सेवा केंद्र ही त्याची अधिकृत रूपे. तेथे ठरावीक शुल्क असते आणि पावती मिळते. अनधिकृत रूपे पुष्कळ आहेत: नाक्यावरील झेरॉक्सवाला, रिचार्जचे दुकान, शेजारचा कॉलेजातील मुलगा आणि घरातला नातू. नातवाचे प्रेम निर्विवाद आहे. पण आजीची पेन्शन किती आली, तिने ती कोठे खर्च केली आणि कोणत्या डॉक्टरांकडे ती गेली, हे सर्व त्याला कळल्यावाचून राहत नाही. दुकानदाराच्या हाती ओटीपी देणे म्हणजे तर आपली सहीच कोऱ्या कागदावर करून देणे होय. इन्नंबूरच्या कथेत हिशेबनिसाचे रूप घेऊन दरबारात गेलेला देव होता. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या नावाने ओळख पटवून देणारा प्रत्येकजण देवमाणूस असेलच असे नाही.

फसवणुकीचे नवे प्रकारही याच दारातून आले आहेत. पोलिसाचा वेष घालून, फोनवरच ‘अटक’ झाल्याची बतावणी करून वृद्धांकडून पैसे उकळण्याचे प्रकार इतके वाढले की, २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये त्याविषयी जनतेला सावध करावे लागले.

घरातला फोन कोणाचा

सरकारच्या २०२५ सालच्या दूरसंचारविषयक पाहणीनुसार देशातील सुमारे ८५.५ टक्के कुटुंबांत निदान एक स्मार्टफोन आहे. हा आकडा पाहून प्रश्न सुटल्यासारखा वाटेल. परंतु ‘कुटुंबात एक फोन’ आणि ‘प्रत्येकाजवळ फोन’ यांत मोठे अंतर आहे. जो फोन कुटुंबाचा म्हणून मोजला जातो तो बहुधा कमावत्या पुरुषाच्या खिशात असतो आणि सकाळी त्याच्याबरोबर कामावर जातो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के पुरुषांनी, परंतु केवळ ३३ टक्के स्त्रियांनी कधी तरी इंटरनेट वापरल्याचे आढळले. स्वतः वापरता येईल असा मोबाइल जवळ असलेल्या स्त्रिया सुमारे ५४ टक्के होत्या. गेल्या काही वर्षांत हे अंतर कमी होत असले तरी त्याची दिशा कोणाकडे झुकलेली आहे हे यावरून स्पष्ट होते.

स्त्रियांसाठीच्या दोन योजनांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२३ रोजी स्त्रियांना दरमहा १,००० रुपये देणारी योजना सुरू केली. त्यासाठी शिधावाटप दुकानांच्या कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन अर्ज वाटले आणि वस्तीजवळ शिबिरे भरवून ते स्वीकारले. यंत्रे तेथेही होती, परंतु ती सरकारच्या बाजूला, स्वयंसेवकांच्या हाती होती. महाराष्ट्रात २०२४ साली लाडकी बहीण योजना आली. तिच्या अर्जांसाठीही अंगणवाडी सेविकांनी मोठे काम केले. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र लाभार्थींना संकेतस्थळावर ई-केवायसी करण्यास सांगण्यात आले आणि त्यात स्वतःच्या आधाराबरोबर पती किंवा वडील यांच्या आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येणारा ओटीपीही लागे. ज्या स्त्रीचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत तिने काय करावे, हा प्रश्न लगेच उभा राहिला आणि शासनाला त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागली. विधवा, परित्यक्ता, एकाकी वृद्धा यांची आठवण व्यवस्था रचताना झाली नाही, ती गाऱ्हाणी आल्यावर झाली. योजना तर मुख्यतः अशाच स्त्रियांच्या उपयोगाची होती.

खर्चाची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. अक्षरे एकदा शिकली की आयुष्यभर फुकट वापरता येतात. फोनचे तसे नाही. तो विकत घ्यावा लागतो, दरमहा त्यात पैसे भरावे लागतात आणि यंत्र धडधाकट असले तरी काही वर्षांनी नवी अॅपे त्यावर चालेनाशी होतात. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढविले. ज्यांना इंटरनेट नको, केवळ बोलणे आणि संदेश हवेत, त्यांनाही इंटरनेटचे पैसे भरावे लागत. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशा ग्राहकांसाठी स्वतंत्र योजना ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक केले.

फोनने जे दिले

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठी तालुक्याला दोन खेपा घालणाऱ्या शेतकऱ्याला तो घरबसल्या मिळणे, ही लहान गोष्ट नव्हे. परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा आईला रोज पाहता येतो. निवृत्तांना दरवर्षी हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत जावे लागे. नोव्हेंबर २०२१ पासून तो फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही देता येतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या दृष्टीने हे वरदानच होय. ज्याला लिहिता-वाचता येत नाही तो आपला आवाज मुद्रित करून निरोप पाठवू शकतो. आपल्या देशात, २०११ च्या जनगणनेनुसार, सात वर्षांवरील सुमारे २७ टक्के लोक निरक्षर होते. त्यांच्या दृष्टीने अक्षरांना वळसा घालून जाणारे हे पहिलेच लेखन आहे, असे म्हटले तरी चालेल.

तेव्हा भांडण फोनशी नाही. तो हाती असावा की नसावा हा वादही नाही. तो नसलेल्या माणसाचा हक्क शिल्लक राहतो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याचे उत्तर

भारतीय न्यायालयांपुढे हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत आला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, वसतिगृहातील फोनवापराच्या निर्बंधांसंबंधीच्या प्रकरणात, इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खासगी जीवनाच्या हक्काचा भाग मानला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. बँकांच्या ओळखपडताळणीत कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करण्यास सांगतात. अॅसिडहल्ल्याने चेहरा भाजलेल्यांना आणि अंधांना ते शक्य नसते. अशा व्यक्तींच्या याचिकांवर निर्णय देताना न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले.

हे झाले आत येण्याच्या हक्काविषयी. बाहेर राहूनही वंचित न होण्याचा हक्क हा त्याचाच जोडीदार होय, आणि त्याचा विचार इतर देशांत होऊ लागला आहे. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा या प्रांताने १८ जून २०२३ रोजी मतदान घेऊन आपल्या राज्यघटनेत डिजिटल अखंडतेचा हक्क समाविष्ट केला. इंटरनेटविना जगण्याचा हक्कही त्यात मोडतो. ९४ टक्क्यांहून अधिक मतदारांनी त्यास संमती दिली. ज्या समाजात जवळजवळ प्रत्येकाजवळ फोन आहे त्याच समाजाने हा हक्क मागावा, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

आपल्याकडेही तुटक स्वरूपात अशा तरतुदी आहेत. आधारचा पडताळा जमला नाही म्हणून कोणासही लाभ नाकारू नये, असे परिपत्रक आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी काढले. सत्तर वर्षांवरील आणि अपंग खातेदारांना घरपोच बँकसेवा द्यावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिला. उणीव नियमांची नाही, ते खिडकीपर्यंत पोहोचण्याची आहे. खिडकीवरील कारकुनाला संगणक जे विचारतो तेच तो माणसाला विचारतो. संगणकात ‘फोन नाही’ असा रकानाच नसला तर परिपत्रक फाइलीतच राहते.

यावरून काही साधी सूत्रे काढता येतील. प्रत्येक आवश्यक सेवेला फोनवाचून जाण्याचा एक मार्ग असावा, आणि तो मार्ग मुद्दाम लांब किंवा महाग केलेला नसावा. ज्या कामासाठी शासनाला स्मार्टफोनची साक्ष हवी, तेथे फोन शासनाने द्यावा. त्याचा भुर्दंड मजुरावर किंवा मेटवर पडू नये. यंत्र अडल्यास हजेरी, धान्य किंवा पैसा अडू नये. आधी हक्क द्यावा, पडताळा मागाहून करावा. दुसऱ्याच्या मदतीने काम करून घेणाऱ्याला त्याची पावती मिळावी आणि मदत करणाऱ्यावर जबाबदारी असावी. आणि कोणतीही नवी व्यवस्था सुरू करण्यापूर्वी तिची परीक्षा सराईत तरुणाकडून न घेता, ज्याच्याजवळ फोन नाही अशा माणसाकडून घ्यावी.

साक्षरतेचा धडा

लिहिता-वाचता येणे ही गोष्टही एके काळी थोड्यांचीच होती. पुढे ती राज्यव्यवहाराला अनिवार्य झाली आणि निरक्षर माणूस कचेरीत परका ठरू लागला. परंतु त्या वेळी समाजाने एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली: अक्षर जर सर्वांना लागणार असेल, तर ते सर्वांपर्यंत पोहोचविणे हे राज्याचे काम आहे. तमिळनाडूत कामराज यांच्या कारकिर्दीत, १९५६ साली, गरिबांची मुले शाळेत यावीत म्हणून तेथे दुपारचे जेवण सुरू झाले आणि १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला. २०११ साली त्याच राज्याने विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना आखली. शिक्षणाचा हक्क देशभर कायद्याने मिळावयास २०१० साल उजाडले. तथापि शाळा, शिक्षक, पुस्तके आणि जेवणही राज्याने द्यावे, हे तत्त्व त्याआधीच रुजले होते. तसेच, निरक्षराला अंगठा उठविण्याची मुभा होतीच. अंगठा देणाऱ्याची जमीन त्याचीच राहिली, मत त्याचेच राहिले.

स्मार्टफोनच्या बाबतीत आपण अनिवार्यता तेवढी पत्करली. तिच्यासोबतची ही दोन कर्तव्ये अद्याप पत्करली नाहीत. साधन प्रत्येकाने स्वतःच्या पैशाने घ्यावे, स्वतःच शिकावे आणि न जमल्यास स्वतःच नुकसान सोसावे, अशी आजची स्थिती आहे. साक्षरतेच्या प्रसाराच्या काळात हीच भूमिका घेतली असती, तर आपली किती खेडी आजही अंगठ्यावरच राहिली असती, याची कल्पना करता येईल. फोनलाही अंगठ्यासारखा एक पर्याय असला पाहिजे: ज्याच्याजवळ तो नाही त्याचेही नाव यादीत लागेल, त्याचीही हजेरी भरेल आणि त्याचेही धान्य त्याला मिळेल. ही व्यवस्था अवघड नाही. तमिळनाडूतील शिधादुकानाच्या कर्मचाऱ्याने हातात अर्ज घेऊन घरोघर फिरून ती करून दाखविली आहे.